निवेदन दिलं, फोटो छापून आला, पुढे काय?

शाळेचं छत गळतंय, चार वर्गांना मिळून एकच गुरुजी आहेत, दवाखान्यात साप चावल्यावरची लस शिल्लक नाही. असं काही झालं की आपल्याकडे गावातले दहा-पंधरा जण जीप करून तालुक्याला जातात, तहसीलदारांना निवेदन देतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. फारच ताणलं तर शाळेला कुलूप ठोकलं जातं, नाहीतर पोरं नेऊन जिल्हा परिषदेच्या आवारात शाळा भरवली जाते. यात गैर काही नाही. हौस म्हणून कुणी आपल्याच गावच्या शाळेला कुलूप लावत नाही. अडचण पुढे आहे. शिक्षक देणं तहसीलदारांच्या हातात नसतं, लस देणंही नसतं. निवेदनावर ‘पुढील कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडतो, ते टपालात जातं, आणि विचारणाऱ्याला ठरावीक दिवसांत उत्तर द्यायची सक्ती कुणावरच राहत नाही.

जाब विचारायचा तर आधी कुणाची सही झाली की हे काम होतं, ते शोधावं लागतं. मग त्या अधिकाऱ्याला बांधणारा कायदा किंवा शासन निर्णय कोणता, त्यात मुदत किती, आणि मुदत उलटली तर पुढचं दार कोणतं, हे पाहावं लागतं. एवढं हाती आलं की अर्ज एका पानात बसतो. त्याला वकील लागत नाही, पुढारीही लागत नाही. पोच मात्र हवीच: अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

दवाखाना नेमका कुणाचा?

‘सरकारी दवाखाना’ असं आपण एकच नाव घेतो, पण कारभारी तीन आहेत. गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. तिथला प्रमुख म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. उपकेंद्र साधारण 5,000 लोकसंख्येला एक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 ला एक, असा सपाटीच्या भागाचा निकष आहे. त्याच्या वरचं 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. तिथे जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांची, म्हणजे सिव्हिल सर्जनची. आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेडचं विष्णुपुरीचं रुग्णालय ही वैद्यकीय शिक्षण विभागाची. तिथे प्रमुख अधिष्ठाता, म्हणजे डीन.

हे समजून घेतलं नाही तर माणूस फिरत राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रिक्त पदाची तक्रार सिव्हिल सर्जनकडे दिली की ती बरोबर नाकारली जाते, कारण ते पद त्यांच्याकडे नाहीच. अलीकडे यात आणखी गुंता झाला आहे. 2022 पासून धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथे नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. जिल्हा रुग्णालय अशा महाविद्यालयाला जोडलेलं असेल तर आधी चौकशी खिडकीवर एवढंच विचारावं: इथले प्रमुख सिव्हिल सर्जन की अधिष्ठाता? अर्ज त्यांच्याच नावाने करावा.

पैशाचा नियमही यावरच ठरतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळीकडे, कोणत्याही रेशनकार्डाला. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू झालेला नव्हता. ग्रामीण रुग्णालयात कुणी केसपेपरचे पैसे मागितले तर त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आणि घाटीत विचारायचा वेगळा.

बाळंतिणीची गोष्ट याहून पक्की आहे. 1 जून 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, घरून दवाखान्यात आणणं आणि परत घरी सोडणं, सगळं मोफत. जेवणसुद्धा: साध्या बाळंतपणाला 3 दिवस, सिझेरियनला 7 दिवस. आजारी बाळालाही वर्षाचं होईपर्यंत हेच संरक्षण आहे. तरीही बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी हातात पडते आणि त्या घाईत घरचे पदरचे पैसे मोडतात. पैसे जरूर द्या, जीव आधी. पण चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल फेकू नका. पुढची सगळी विचारणा त्या दोन कागदांवर उभी राहते.

नांदेडनंतर न्यायालयाने काय विचारलं

30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 या दरम्यान नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यात 12 तान्ही बाळं होती. खासगी दवाखान्यांतून रुग्ण अखेरच्या घटकेला आणले गेले, असं कारण पुढे आलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडे रिक्त पदांचा, औषध खरेदीचा, आरोग्यावरच्या तरतुदीचा तपशील मागितला.

हा तपशील नीट पाहण्यासारखा आहे. मंजूर पदं किती, भरलेली किती? औषधांची मागणी कधी नोंदवली, पुरवठा कधी झाला? यातला एकही प्रश्न असा नाही, जो माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जाने कुणालाही विचारता आला नसता, आणि तोही कुणी दगावण्याच्या आधी. मृत्यू झाल्यावर सगळे दोषी कोण ते शोधतात. बहुतेक वेळा ड्यूटीवरचा शिकाऊ डॉक्टर किंवा नर्स सापडते, कारण समोर तीच असते. पण एका वॉर्डात दोन नर्सनी चौघींचं काम वर्षभर ओढलं असेल, तर त्याची नोंद वर्षभर कागदावर होतीच. ती कुणी मागितली नाही.

डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मारहाण झाली की तक्रारदार आरोपी होतो आणि रिकाम्या पदांचा विषय तिथेच बाजूला पडतो. नुकसान पुढच्या रुग्णाचं होतं.

‘का’ विचारू नका, कागद मागा

माहितीचा अधिकार कायदा 2005 चा. तो जुना झाला, आता कुणी जुमानत नाही, असं ऐकू येतं. जुमानत नाहीत हे खरंही आहे, पण बरेचसे अर्ज चुकीच्या प्रश्नांमुळे वाया जातात. ‘आमच्या केंद्रात डॉक्टर का नाहीत?’ याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. त्याच्याकडे जो कागद आहे तो द्यायला तो बांधील आहे. म्हणून मागणी कागदाची करावी. नमुना असा:

‘आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील पदनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे आणि प्रत्येक पद रिक्त झाल्याची तारीख, गेल्या आर्थिक वर्षातील सर्पदंश व श्वानदंशावरील लशींच्या साठा नोंदवहीची प्रत, याच काळात वरिष्ठ कार्यालयास पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्ते व जमाखर्च.’

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांपर्यंत असावा. वर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. उत्तर 30 दिवसांत. कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर 48 तासांत.

या चार कागदांतून दोष कुठे आहे ते आपोआप उघड होतं. मागणीपत्रच गेलेलं नसेल तर केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारायचं. मागणी दोन-तीनदा गेली आणि पुरवठा आला नाही, तर ते बिचारे काय करणार? तिथून पुढचा जाब जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. नोंदवहीत लस शिल्लक दिसते आणि त्याच तारखेला रुग्णाला ‘नाही’ सांगून पुढे पाठवलं, तर प्रकरण गंभीर आहे. त्याची चौकशी मागावी. आणि औषधं नसताना रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे दवाखान्याचा स्थानिक निधी सांभाळणाऱ्या समितीच्या, खात्यात पैसे पडून असतील, तर समितीची बैठक का झाली नाही हे सदस्यांनाच ग्रामसभेत विचारता येतं, कारण त्यांतले काही सदस्य आपल्याच पंचक्रोशीतले असतात.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथेही नाही झालं तर 90 दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाचा नंबर लागायला खूप वेळ जातो, हे आधीच सांगायला हवं. म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर लावावा, सुनावणीला स्वतः जावं. माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. हे त्याला माहीत असतं.

धाराशिवने एकदा करून दाखवलं होतं

एकट्याने अर्ज करणं जड जातं. ज्या नर्सबाईंबद्दल लिहायचं, त्यांच्याकडेच उद्या सून दाखवायची असते. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘लोकाधारित देखरेख’ आली. महाराष्ट्रात ती 2007 मध्ये ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला तेव्हाचा उस्मानाबाद होता. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्यभराचं समन्वयन करत होती. पुढे बीड आणि औरंगाबाद जिल्हेही त्यात आले.

पद्धत साधी होती. गावातली समिती, बचत गटातल्या बाया, ग्रामपंचायत सदस्य मिळून गावाचं प्रगतिपत्रक भरत. लसीकरण होतं का, नर्स गावात येते का, पैसे मागतात का, औषध मिळतं का? उत्तर चांगलं तर हिरवा रंग, मध्यम तर पिवळा, वाईट तर लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो तक्ता वाचता येई. मग जनसुनवाई व्हायची. मंडपात एकीकडे लोक, समोर आरोग्य अधिकारी, आणि मधे पंच. तक्रार एका माणसाची न राहता गावाची व्हायची. अधिकाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर, काय करणार आणि कधीपर्यंत, हे सांगावं लागायचं.

माझ्या मते आपल्याकडे आरोग्यसेवेसाठी झालेल्या प्रयत्नांत हा सगळ्यात मोलाचा. तो करायला आजही कुणाची मंजुरी लागत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर प्रत्येक गावात आहे. रंगीत तक्ता भरून ग्रामसभेत वाचला आणि ठरावात घेतला, की ते गावाचं अधिकृत म्हणणं होतं. मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. आपला प्रश्न सभागृहात मांडणारा सदस्यच नव्हता. त्या काळात ग्रामसभेचा ठराव हाच गावाचा आवाज होता, आणि ज्या गावांनी तो वापरला नाही त्यांचं म्हणणं कुठेच नोंदलं गेलं नाही.

शाळेत तर पालकच मालक आहेत

शाळेच्या बाबतीत कायदा जास्त स्पष्ट आहे. 2009 चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, शाळेचा विकास आराखडा करणं ही या समितीची कामं. आराखडा म्हणजे गावाने सरकारपुढे ठेवलेलं मागणीपत्रच, आणि अनुदानासाठी तोच आधार मानला जातो. आपल्याकडे होतं काय, तर प्रोसिडिंगची वही सहीसाठी घरी येते आणि चूल सांभाळत सही केली जाते. बैठकीला जाऊन बसणं हाच पहिला जाब.

काय मागायचं ते कायद्याच्या अनुसूचीत आहे. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, खेळायला मैदान, भोवती कुंपण. पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस शाळा, सहावी ते आठवीला 220. कलम 27 प्रमाणे शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून इतर कामाला जुंपता येत नाही. शाळेने स्वतःबद्दल सरकारला काय कळवलंय तेही पाहता येतं: प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि तिची माहिती संकेतस्थळावर खुली असते. तिथे ‘मुलींचं स्वच्छतागृह चालू’ असं लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात दाराला कुलूप असेल, तर फोटो आणि त्या पानाची प्रत एकत्र जोडावी. अशी तक्रार सहजासहजी मिटवता येत नाही.

तक्रारीसाठी कलम 32 आहे. जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार दिली की तीन महिन्यांत दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तहसीलच्या निवेदनात आणि कलम 32 च्या तक्रारीत मजकूर कदाचित एकच असेल. पण दुसऱ्यावर घड्याळ सुरू होतं. म्हणून अर्जाच्या विषयातच ‘कलम 32 अन्वये तक्रार’ असं लिहावं.

पोषण आहाराला राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चं पाठबळ आहे. 2015 च्या नियमांप्रमाणे धान्य नाही, इंधन नाही, स्वयंपाकीण आली नाही, अशा कारणाने जेवण शिजलं नाही, तर मुलांना त्या दिवसांचा अन्नसुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत द्यावा लागतो. सलग 3 दिवस किंवा महिन्यात 5 दिवस आहार बंद राहिला तर जबाबदारी निश्चित करणं राज्यावर बंधनकारक आहे. तारखांची वही गावातल्या कुणीतरी ठेवायला हवी. शाळेच्या नोंदीत ते दिवस बहुधा सापडत नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं

बीडच्या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. आईबाप फडावर जातात, आणि पोर मागे ठेवायला आजी नसेल तर तेही जातं. कोप्यात, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहिलेल्या मुलाचा अख्खा हंगाम बुडतो. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती चालवायची शाळा व्यवस्थापन समितीनेच. कोणती मुलं मागे राहणार त्याची यादी, समितीचा ठराव आणि प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून जिल्ह्याला.

इथे सगळा खेळ तारखेचा आहे. मंजुरी दिवाळीनंतर आली तर पोरं गेलेली असतात, आणि मग ‘विद्यार्थी नाहीत’ म्हणून प्रस्ताव गळतो. समितीने ठराव पावसाळ्यातच करावा, मुकादमाकडून उचल घेतलेल्या घरांची यादी जोडावी, पोच घ्यावी आणि दर पंधरा दिवसांनी लेखी विचारावं. हे जीव तोडून सांगतोय, कारण चौथीत एक हंगाम बुडलेलं मूल पाचवीत वाचायला अडखळतं, सातवीत शाळा सोडतं, आणि काही वर्षांत स्वतःच कोयता हातात घेतं. ही साखळी एका वेळेवर गेलेल्या ठरावाने तुटू शकते.

घोषणेचा माग काढणं

मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाच्या खास बैठका होतात. 2016 मध्ये झाली, सप्टेंबर 2023 मध्ये झाली. मोठे आकडे जाहीर होतात. आपल्या गावातली निजामकालीन शाळा त्या आकड्यात आहे की नाही, हे शोधायला घोषणेपासून भिंतीपर्यंतचे टप्पे माहीत असायला हवेत. घोषणेनंतर शासन निर्णय निघतो, तो सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतो. मग कामाला प्रशासकीय मान्यता, त्यामागून तांत्रिक मान्यता, निधी वितरणाचा आदेश, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. जुनी खोली पाडायची तर त्याआधी तिचं निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून ती कमी करणं, मंजूर व्हावं लागतं. धोकादायक खोल्या वर्षानुवर्षं तशाच उभ्या राहतात, त्याचं कारण पुष्कळदा निर्लेखनाचा प्रस्तावच कुठेतरी अडकलेला असतो. ‘आमची शाळा कधी बांधणार?’ यापेक्षा ‘निर्लेखनाच्या प्रस्तावाची सद्यस्थिती आणि त्यावरील टिपणीची प्रत द्यावी’ हा प्रश्न नेमका बसतो. उत्तर देणाऱ्याला कपाटातून फाईल काढावीच लागते.

काही कामांना ही सगळी वाट लागत नाही. दाखले, प्रमाणपत्रं अशा अधिसूचित सेवांसाठी 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद कार्यालयातल्या फलकावर लावणं सक्तीचं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो.

आणि सगळी दारं ठोठावून झाली तर न्यायालय. सरकारी दवाखान्याने तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं आपलं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे. वकिलाच्या फीचं म्हणाल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याचा अर्ज तालुक्याच्या कोर्टातच, तालुका विधी सेवा समितीकडे देता येतो. सोबत पोच घेतलेले सगळे जुने अर्ज तारखेवार लावून न्यावेत.